मोडी गेली, कागद राहिले

परवा वेळापूरला घरी गेलो होतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाच्यानं विचारलं, "मामा, नवी प्रोग्रॅमिंग भाषा आली की जुनी संपतेच ना? मग जुनी कशाला शिकू?"

मी ट्रंकेतला पणजोबांचा कागद त्याच्यापुढं ठेवला. आजी म्हणायची, जमिनीचा आहे. पण मोडीतला, घरात कुणालाच वाचता येईना.

मोडी ही शेकडो वर्षं कारभाराची लिपी. हात न उचलता झरझर लिहिता यायची. पण छपाईला देवनागरी सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून गेली. नवं लिखाण देवनागरीत आलं, जुने कागद मात्र मोडीतच राहिले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली.

कोबोलचंही तेच. १९५९ साली तिचं काम सुरू झालं. नंतर सी आली, जावा आली, पायथन आली. तरी एप्रिल २०२० मध्ये, कोरोनात बेरोजगार भत्त्याचे अर्ज वाढले, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागावे लागले.

म्हणजे नवी भाषा नवं काम घेते. जुनं काम मात्र कुणीतरी ओळ न ओळ समजून उतरवेपर्यंत जुन्या भाषेतच राहतं.

भाच्याला म्हटलं, नवी शीक बिनधास्त, पण जुनी वाचता येऊ दे. आमचा कागद अजून ट्रंकेतच आहे. त्यात कुणाचा हिस्सा किती, हे वाचून सांगणारा माणूस शोधतोय.