कागदाची साक्ष

दुर्मिळ काव्य व विद्वानांचें कपट हा केवळ रहस्यकादंबऱ्यांचा विषय नव्हे. एलिझाबेथ ब्राउनिंग यांचीं प्रेमसुनीतें १८५० सालीं प्रसिद्ध झालीं. पुढें ‘रेडिंग, १८४७’ असें छापलेली त्यांची एक खासगी आवृत्ति अवतरली आणि संग्राहकांनीं ती मोठ्या मोलानें घेतली. १९३० च्या दशकांत कार्टर व पोलर्ड या लंडनच्या दोघां तरुण ग्रंथविक्रेत्यांनीं तिचा कागद तपासविला. त्यांत १८७४ पूर्वीं इंग्लंडांत वापरांतच नसलेला रासायनिक लाकूडलगदा निघाला! धागा पोहोंचला थॉमस वाइज यांच्यापर्यंत. ते ग्रंथसूचि-मंडळाचे माजी अध्यक्ष होते. ज्यांच्या सूचीवरून खरेंखोटें ठरावयाचें, त्यांनींच खोटें रचलें होतें. लौकिकाला भुललेल्या विद्वानांना अखेर मुक्या कागदानें सत्य सांगितलें.