स्कॅनरची कुळकथा

अमेरिकेतील एखाद्या मध्यम आकाराच्या नगरात आज जो मनुष्य घरी बसून पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांचे बिनतारी संभाषण ऐकू इच्छितो, त्याचे काम स्कॅनर विकत आणून नुसती कळ फिरविल्याने भागत नाही. त्या यंत्रात त्याला प्रथम, स्वतः बसून किंवा तयार संग्रहातून, नगराच्या कारभाराचा नकाशाच भरावा लागतो. यंत्रणा कोणत्या पद्धतीची, तिची नियंत्रण-वाहिनी कोणत्या कंप्रतेवर चालते, पोलिसांच्या उत्तर विभागाला कोणता टॉकग्रुप-क्रमांक, म्हणजे संभाषण-गटाचा क्रमांक, नेमून दिला आहे आणि आगीच्या ठिकाणी गेलेल्या तुकडीला कोणता, हे सारे अंकांनी नोंदविल्यावाचून ते यंत्र मूकच राहते. ही नोंदणी, म्हणजे स्कॅनरचे प्रोग्रॅमिंग, इतकी गुंतागुंतीची का झाली, याचे उत्तर तिच्या कुळात आहे. आणि ते कुळ धुंडाळू लागले म्हणजे दिसते की श्रोत्याला आरंभी लहरींचे ज्ञान पुरत असे, पुढे मात्र राज्यकारभाराच्या रचनेचे ज्ञान त्याला संपादावे लागले.

या कुळाचे मूळस्थान डेट्रॉइट. तेथील पोलीस खात्याने 1920 नंतर बिनतारी प्रक्षेपणाचे प्रयोग आरंभले तेव्हा पोलिसी केंद्राला वेगळी सनद देण्याची तजवीज सरकारदरबारी नव्हती; म्हणून त्या केंद्राला करमणुकीच्या केंद्राचा परवाना घ्यावा लागला आणि चोरीस गेलेल्या मोटारींच्या वर्णनांच्या आगेमागे गाणेबजावणेही ऐकवावे लागले. अखेर 7 एप्रिल 1928 रोजी गस्तीच्या मोटारींना नियमितपणे हुकूम जाऊ लागले. ते एकमार्गी होते: गाडीतल्या शिपायाला ऐकता येई, उत्तर देता येत नसे. दुहेरी संभाषणाची सोय 1933 साली न्यू जर्सीतील बेयॉन या गावी झाली. आणि 1940 साली डॅनिअल नोबल या प्राध्यापकाने कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी एफएम पद्धतीची दुहेरी यंत्रणा उभारली, तिचाच कित्ता पुढे देशभर गिरविला गेला.

त्या आरंभीच्या काळात पोलिसांच्या लहरी सार्वजनिक नभोवाणीच्या पट्ट्याला अगदी लागून होत्या. त्यामुळे 1930 नंतरच्या दशकातील पुष्कळ घरगुती रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलीस’ अशी खूण छापलेलीच असे, आणि संध्याकाळच्या संगीतावरून काटा थोडा पुढे सरकविला की नगराच्या रात्रीचा कारभार दिवाणखान्यात ऐकू येई. हे ऐकणे कोणी मिळवून दिलेला हक्क नव्हता. तो लहरींच्या स्वभावाचा परिणाम होता. न्यूयॉर्कचा विख्यात वृत्तछायाचित्रकार वीजी याने 1938 साली आपल्या मोटारीत पोलिसी रेडिओ बाळगण्याचा परवाना मिळविला, आणि अपघाताच्या किंवा खुनाच्या जागी तो अनेकदा पोलिसांच्या बरोबरीने पोहोचू लागला. आपल्याकडे नेमक्या याच काळात, 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने, परवान्यावाचून असले यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरविले. अमेरिकेतल्या या छंदाला आपल्या समाजात भावंड का लाभले नाही, याचा उलगडा त्यातून होतो.

पोलीस जसजसे अधिक उच्च कंप्रतांकडे सरकले तसतसा घरगुती रेडिओ मागे पडला, आणि साठनंतरच्या दशकाच्या अखेरीस खास ऐकण्यासाठी घडविलेला स्कॅनर अवतरला. एका वाहिनीवर शांतता असेल तर क्षणार्धात दुसरीवर, तेथून तिसरीवर जाणे आणि बोलणे सापडताच तेथे थांबणे, एवढाच त्याचा धर्म. परंतु प्रत्येक वाहिनीसाठी त्यात विशिष्ट कंप्रतेचा एकेक स्फटिक बसवावा लागे. नगराने कंप्रता बदलली की स्फटिक वाया जाई. या धंद्याची राजधानी इंडियानापोलिसच्या आसपास होती. 1954 साली पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आणणारी रीजन्सी ही पेढी तिथलीच, आणि ‘बेअरकॅट’ नावाचे स्कॅनर करणारी इलेक्ट्रा ही पेढीही शेजारच्या कंबरलंड गावची. 1975 च्या सुमारास या दोघींनी स्फटिकांचे जोखड काढून टाकण्याचे उपाय शोधले. बेअरकॅट 101 मध्ये खटक्यांची एक रांग होती. कोणत्या कंप्रतेसाठी कोणते खटके वर आणि कोणते खाली, हे सोबतच्या पुस्तकात पाहून श्रोत्याने ते लावायचे. रीजन्सीच्या व्हॅमो-10 मध्ये तर धातूच्या फण्या येत, आणि ठरलेल्या आकृतिबंधानुसार त्यांचे दात मोडून त्या यंत्रात खोचायच्या असत. प्रोग्रॅमिंगचे हे आद्य रूप मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात द्विमान अंकांचे गणित सामान्य गृहस्थाच्या हाती, अक्षरशः बोटांच्या चिमटीत, आले होते. पुढे अंकांच्या बटनांनी कंप्रता भरण्याची सोय झाली आणि फण्या विस्मृतीत गेल्या.

तोपर्यंत जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची खोली ठरलेली असावी तशी प्रत्येक खात्याची वाहिनी ठरलेली होती. दाराशी कान लावला की आत कोण बोलते आहे ते कळे. ट्रंकिंग या नव्या पद्धतीने वाड्याची धर्मशाळा केली: जो येईल त्याला त्या क्षणी रिकामी असेल ती खोली, आणि कोण कोठे उतरला याची नोंद फक्त दारावरच्या कारकुनाच्या वहीत.

या व्यवस्थेचे बीज टेलिफोनच्या विनिमयकेंद्रातले. अनेक ग्राहकांना थोड्या तारा पुरवायच्या तर किती ठेवाव्यात, याचे सूत्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर एर्लांग याने 1917 साली मांडले. त्याच्या नावाच्या परिमाणात, शंभरात दोन मागण्या नाकारल्या गेल्या तरी चालेल असे धरल्यास, 5 वाहिन्या 1.66 एर्लांग भार वाहतात आणि 20 वाहिन्या 13.18. म्हणजे चार खात्यांना पाचपाच वाहिन्या वाटून दिल्या तर सर्वांचा मिळून भार सुमारे 6.6 च्या पुढे जात नाही, आणि त्याच वीस वाहिन्या एकत्र ठेवल्या तर तो जवळजवळ दुप्पट होतो. लहरींच्या दुर्भिक्ष्याने त्रस्त झालेल्या नगरांना हे गणित नाकारणे शक्य नव्हते. 1974 साली संघीय दळणवळण आयोगाने 800 मेगाहर्ट्झचा नवा मुलूख खुला केला, आणि 1977 ते 1979 या काळात सार्वजनिक सुरक्षेच्या दळणवळण अधिकाऱ्यांच्या ‘ॲप्को’ या संघटनेने आपल्या सोळाव्या प्रकल्पात अशा यंत्रणेकडून पोलिसांना काय हवे ते निश्चित केले.

पोलिसांची सोय झाली आणि श्रोता मात्र गोंधळला. जुन्या स्कॅनरवर प्रश्न एका कंप्रतेवर ऐकू येई, त्याचे उत्तर भलतीकडेच निघून जाई, आणि मध्येच नियंत्रण-वाहिनीचा अखंड करकराट कानी पडे. तो करकराट हीच कारकुनाची वही होती; मोटोरोलाच्या यंत्रणेत ती सेकंदाला 3600 बिट या वेगाने उघडपणे वाचून दाखविली जात होती. काही चिकाटीच्या छांदिष्टांनी स्कॅनरच्या पोटातून तार काढून ती संगणकाला जोडली आणि वही वाचायला आरंभ केला. मग 1997 साली युनिडेन कंपनीच्या बीसी235एक्सएलटी या स्कॅनरने ही विद्या यंत्रातच आणली.

येथून प्रोग्रॅमिंगचा अर्थ पालटला. श्रोता आता कंप्रतेऐवजी टॉकग्रुपचा क्रमांक धरून ठेवतो, आणि तो गट जेथे जाईल तेथे यंत्र त्याच्या मागे जाते. पण कोणती यंत्रणा आपल्याविषयी किती सांगते, यावर श्रोत्याचे कष्ट अवलंबून असतात. मोटोरोलाच्या जुन्या पद्धतीत वाहिनीच्या क्रमांकावरून कंप्रता ठरलेल्या सूत्राने काढता येई. तिचे गटक्रमांक सोळाच्या पटीत असत, कारण संख्येतील शेवटचे चार बिट आणीबाणीसारख्या स्थितीसाठी राखलेले होते. ईडॅक्स या दुसऱ्या पद्धतीत मात्र नियंत्रण-वाहिनी नुसते ‘सातवीवर जा’ असे सांगे, आणि सातवी म्हणजे कोणती हे पोलिसांच्या रेडिओलाच ठाऊक असे. श्रोत्याने क्रमवारीत एक कंप्रता चुकविली की सर्व संभाषण विस्कटलेच. ‘प्रोजेक्ट 25’ हे 1989 मध्ये हाती घेतलेले डिजिटल मानक या बाबतीत सर्वांत उदार: त्याची नियंत्रण-वाहिनी वाहिन्यांचा तक्ता स्वतःच प्रसृत करते, म्हणून तेवढी एक कंप्रता सापडली की पुरते.

कायद्यानेही या कुळात हात घातला. सेल्युलर टेलिफोनचा पट्टा 800 मेगाहर्ट्झमधील पोलिसी पट्ट्याला चिकटून असल्यामुळे एप्रिल 1994 नंतर अमेरिकेत तो पट्टा ऐकू शकणारे स्कॅनर बनविण्यास व आयात करण्यास मनाई झाली. यंत्राच्या मुलखात मधोमध एक निषिद्ध प्रदेश निर्माण झाला. 2004 साली संघीय दळणवळण आयोगाने 800 मेगाहर्ट्झच्या पोलिसी पट्ट्याची फेरआखणी फर्मावली, तेव्हा मोटोरोला पद्धतीतील क्रमांक आणि कंप्रता यांचे सूत्र बदलले आणि कित्येक सुस्थितीतले स्कॅनर एकाएकी कालबाह्य झाले. त्यानंतर एकच संदेश अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी सोडण्याची पद्धत रूढ झाली, आणि निरनिराळ्या वाटांनी किंचित पुढेमागे येणाऱ्या लहरींनी डिजिटल आवाज चिरफाळू लागला. ते दुखणे निवारणारा हातात धरायचा स्कॅनर 2018 साली आला. दरम्यान, 2010 च्या होमपॅट्रोल यंत्राने नगराचा टपाल-संकेतांक भरताच तयार संग्रहातून सर्व नोंदी आपोआप मांडण्याची सोय केली. त्या सोयीला मी नावे ठेवणार नाही, कारण बिछान्याला खिळलेल्या वृद्धालाही तिने हा छंद खुला केला. पण ज्याने आपल्या नगराचे टॉकग्रुप रात्री जागून, आवाज आणि पत्ते पारखून, एकेक करून ओळखले त्याला आपल्या नगराची जी माहिती झाली, ती संकेतांक भरणाऱ्याला होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता प्रश्न ऐकण्याचाच उरला आहे. 1986 च्या संघीय कायद्याने जनतेला सहज ऐकू येणारे पोलिसी व अग्निशामक संभाषण ऐकणे स्पष्टपणे वैध ठरविले. कूटबद्ध संभाषण या व्याख्येत बसत नाही. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने 2023 पासून आपल्या वाहिन्या कूटबद्ध करण्यास आरंभ केला, आणि शिकागोने जनतेसाठी अर्ध्या तासाच्या विलंबाने ध्वनी देण्याची तोड काढली. तो विलंब उद्याचे वर्तमानपत्र लिहिणाऱ्याला पुरेल. ज्याच्या गल्लीच्या तोंडाशी आत्ता शिपाई पिस्तुले रोखून उभे आहेत त्या रहिवाशाला त्याचा उपयोग नाही. शिपायाच्या जीविताची आणि साक्षीदाराच्या नावाची काळजी रास्त आहे, हे मला मान्य आहे. परंतु ट्रंकिंगच्या रचनेत प्रत्येक टॉकग्रुप कूटबद्ध करायचा की खुला ठेवायचा हे वेगवेगळे ठरविता येते. छापा घालणाऱ्या तुकडीचा गट बंद ठेवून गस्तीला जाणारे रोजचे हुकूम आणि आगीच्या वर्दीचा गट उघडे ठेवणे हे यंत्राला अवघड नाही. त्यासाठी नगराच्या कारभाऱ्यांचा एक ठराव पुरतो.