शेवाळाखालचे बर्फ

बैलगाडी भरताना ओझे आसाच्या मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात आणि चढाच्या रस्त्यावर तर गाडी मागे कलंडायची भीती असते. उलट ओझे फार पुढे आले तर जू मानेवर दाबते आणि बैल लवकर थकतात. म्हणून जाणता गाडीवान ओझे आसाच्या किंचित पुढे झुकते ठेवतो. सातवी-आठवीत आपण शिकवतो त्या तरफेचे हे चालतेबोलते उदाहरण आहे.

अगदी हाच प्रश्न दर उन्हाळ्यात हजारो अमेरिकन आणि कॅनेडियन कुटुंबांपुढे येतो. मोटारीच्या मागे ती एक चाकांवरचे घर जोडतात. आत ओटा, बिछाने, संडास, पाण्याची टाकी सगळे असते. त्याला तिकडे ट्रेलर म्हणतात. असे घर ओढत उत्तरेकडे जायचा सर्वांत नावाजलेला रस्ता म्हणजे अलास्का महामार्ग. कॅनडातील डॉसन क्रीक या गावापासून तो निघतो आणि युकॉन प्रदेश ओलांडून अलास्कातील डेल्टा जंक्शनला पोचतो. आजचे अंतर 1387 मैल, म्हणजे सुमारे 2230 किलोमीटर. या रस्त्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात डांबरी पृष्ठभाग लाटांसारखा वरखाली होतो. या लाटा कुठून आल्या, हा आमच्या लेखाचा विषय आहे. पण आधी घराचा हिशेब करू.

समजा, ट्रेलरचे वजन 2000 किलो आहे आणि त्यातले 220 किलो मोटारीच्या मागच्या कडीवर येते. हे प्रमाण 11 टक्के झाले. दहा ते पंधरा टक्के भार कडीवर असावा, असा ट्रेलर ओढणाऱ्यांचा संकेत आहे. कडीपासून आस 5 मीटरवर आहे. आता घराच्या मागच्या बाजूला, आसाच्या 2 मीटर मागे, सायकली आणि हत्यारांची पेटी मिळून 100 किलो लादले. कडीवरचा भार 100 × 2 ÷ 5, म्हणजे 40 किलोंनी घटला. मग आसाच्या दीड मीटर मागे असलेली टाकी 120 लिटर पाण्याने भरली. आणखी 36 किलो गेले. उरले 144 किलो, आणि एकूण वजन झाले 2220. कडीवरचा वाटा साडेसहा टक्क्यांवर आला. घर उलाळ झालेले नाही, पण उलाळीच्या दिशेने निघाले आहे.

बैलगाडी सावकाश चालते, तिथे उलाळीचा त्रास बैलांना होतो. ताशी 90 किलोमीटर वेगात त्रास निराळा होतो. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या मालमोटारीमुळे ट्रेलर जरा बाजूला ढकलला गेला, की तो लंबकासारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. ओझे आसाच्या पुढे असेल तर टायरचे घर्षण त्याला परत रांगेत आणते आणि डोलणे विरत जाते. ओझे जितके मागे आणि वेग जितका जास्त, तितके ते हळू विरते. एका मर्यादेपलीकडे ते विरतच नाही, वाढत जाते. मग शेपटीने कुत्र्याला हलवावे तसा प्रकार होतो. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक दाबला तर मागचे घर आणखी पुढे रेटते. म्हणून मोठ्या ट्रेलरच्या चाकांना स्वतंत्र विजेचे ब्रेक असतात आणि ते चालकाला हाताने वेगळे लावता येतात. हा प्रयोग वर्गात करता येतो. खेळण्यातल्या मोटारीमागे दोन चाकांची गाडी सैल जोडा, उतरत्या फळीवरून सोडा, आणि वजन एकदा आसापुढे, एकदा आसामागे ठेवून पाहा.

आता रस्त्याकडे वळू. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्का जपानच्या वाटेवर होता आणि तिथे जमिनीवरून जायला रस्ताच नव्हता. कॅनडातून अलास्काकडे विमानतळांची एक रांग नुकतीच तयार होत होती, तिला जोडणारा रस्ता हवा होता. फेब्रुवारी 1942 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मंजुरी दिली आणि मार्चमध्ये सैनिक डॉसन क्रीकला उतरले. जूनमध्ये जपानी विमानांनी अलास्कातील डच हार्बरवर बाँब टाकले, तेव्हा तर घाईला सीमा राहिली नाही. दहा हजारांहून अधिक सैनिक कामाला लागले. त्यांच्यापैकी एक तृतीयांशाच्या आसपास कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकन सैन्यात त्यांच्या पलटणी वेगळ्या असत, अधिकारी मात्र गोरे. रस्त्याच्या इतिहासात या पलटणींना त्यांची जागा मिळायला पुढे कित्येक वर्षे लागली. 25 ऑक्टोबर 1942 रोजी बीव्हर क्रीकजवळ दोन दिशांनी आलेले बुलडोझर समोरासमोर आले. एकावर रीफाइन्स सिम्स हा कृष्णवर्णीय सैनिक होता, दुसऱ्यावर आल्फ्रेड जालुफ्का हा गोरा सैनिक. दोघांनी हात मिळवले, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सैन्यातली वर्णानुसार विभागणी संपवण्याचा आदेश 1948 साली निघाला.

या वेगाची किंमत दुसऱ्याही कोणी मोजली. टेस्लिन या आदिवासी वस्तीत 1942-43 या एका वर्षात गोवर, डांग्या खोकला, गालगुंड यांच्या साथी एकामागून एक आल्या. रस्ता येईपर्यंत बाहेरच्या जगाशी या लोकांचा संबंध तुरळक होता, त्यामुळे या रोगांविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती. रस्त्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या कौतुकात हे सहसा येत नाही, म्हणून इथे नोंदवले.

दक्षिणेकडच्या टापूत काम झपाट्याने झाले. पद्धत साधी होती: झाडे पाडायची, वरची माती आणि पाला बुलडोझरने खरवडून काढायचा, कठीण जमीन लागली की तिच्यावर खडी टाकायची. कुठल्याही रस्त्याचे काम असेच सुरू होते. क्लुएन सरोवराच्या पुढे मात्र ही पद्धत अंगाशी आली. तिथे जमिनीवर मॉस जातीच्या शेवाळाची जाड गादी होती. ती खरवडल्यावर खाली दगडासारखी कठीण जमीन लागली, सगळे खूष झाले. काही दिवसांत त्या कठीण जमिनीचा चिखल झाला आणि त्यात ट्रक आणि बुलडोझर रुतू लागले. चिखल उपसावा तर खाली आणखी बर्फ, आणि तोही वितळू लागे.

ही जमीन कायम गोठलेली होती. सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ शून्य अंश सेल्सियस किंवा त्याखाली राहणाऱ्या जमिनीला आज पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिचा वरचा थर तेवढा वितळतो. वितळणे फार खोल जाऊ नये, हे काम शेवाळ करते, आणि कसे करते ते पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात कोरडे शेवाळ म्हणजे हवेने भरलेली गोधडी, तिच्यातून उष्णता खाली जात नाही. हिवाळ्यात तेच शेवाळ ओले होऊन गोठते. बर्फाची उष्णतावाहकता पाण्याच्या जवळपास चौपट आहे, त्यामुळे गोठलेल्या थरातून जमिनीतली उष्णता सहज वर निघून जाते. म्हणजे ही गोधडी उन्हाळ्यात उष्णतेला अडवते आणि हिवाळ्यात वाट करून देते. बुलडोझरने खरवडून काढली ती हीच.

सैनिकांनी चुकतमाकत उपाय शोधला. झाडे हाताने तोडायची, शेवाळाला धक्का लावायचा नाही, त्याच्यावरच ओंडके आडवे शेजारी शेजारी रचायचे आणि वर खडी टाकायची. काम मंदावले, पण रस्ता टिकला. 20 नोव्हेंबर 1942 रोजी क्लुएन सरोवराच्या काठी उद्घाटन झाले. एका गोष्टीचे आम्हाला नेहमी नवल वाटते. हे ज्ञान जगात नव्हते असे नाही. सोव्हिएत रशियात मिखाईल सुमगिन यांचे गोठलेल्या जमिनीवरचे पुस्तक 1927 सालीच निघाले होते, पण ते रशियन भाषेत. रशियात जन्मलेले भूशास्त्रज्ञ सायमन म्यूलर यांनी अमेरिकन सैन्यासाठी हे सारे रशियन संशोधन संकलित केले, तेही 1943 साली. पर्माफ्रॉस्ट हा शब्द त्यांनीच रूढ केला. पंधरा वर्षे छापून पडलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत पोचेपर्यंत रस्ता बांधून झाला होता.

रस्त्यावरच्या उंचवट्यांना प्रवासी सरसकट हिमफुगवटे म्हणतात. खरे तर तिथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पर्माफ्रॉस्टमध्ये बर्फ सारखे पसरलेले नसते, कुठे जाड थर, कुठे पाचर, कुठे अगदी थोडे. ते वितळले की जमीन कमीजास्त खचते आणि वरच्या रस्त्याला लाटा येतात. युकॉनमधल्या लाटा मुख्यत्वे अशा खचण्याच्या आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे दर हिवाळ्यात वरची माती गोठून फुगते, तो खरा हिमफुगवटा.

तो का येतो, हे विद्यार्थ्यांना विचारले तर उत्तर ठरलेले: पाणी गोठताना प्रसरण पावते म्हणून. हिशेब करून पाहू. एक मीटर जाडीच्या मातीत आकारमानाच्या 40 टक्के पाणी आहे आणि ते गोठताना 9 टक्के प्रसरण पावते. जमीन वर उचलली जाईल 3.6 सेंटिमीटर. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ती त्याच्या अनेक पट उचलली जाते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी 1930 च्या सुमारास यावर एक सुरेख प्रयोग केला. त्यांनी माती पाण्याऐवजी बेंझीनने भिजवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावते. तरीही गोठवल्यावर माती फुगली! म्हणजे प्रसरण हे मुख्य कारण नव्हतेच. बारीक गाळाच्या मातीत कणांभोवतीचा पाण्याचा पातळ पापुद्रा शून्याखालीही गोठत नाही. त्यातून खालचे पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढले जाते आणि बर्फाची चकती भिंगासारखी जाड होत जाते. पाणी वर येत राहील तोवर ती वाढते आणि वरची जमीन उचलते. खडीत पोकळ्या मोठ्या असल्याने ही ओढ लागत नाही, चिकणमातीतून पाणी पुरेसे झिरपत नाही, मधला गाळ मात्र सर्वांत वाईट. पाठ्यपुस्तकातले नऊ टक्के चूक नाहीत, पाण्याने भरलेली बाटली त्यांनीच फुटते. पण ते इथे लावणे चूक.

रस्ता सामान्य लोकांसाठी 1948 मध्ये खुला झाला. पुढच्याच वर्षी ‘द माइलपोस्ट’ हे मार्गदर्शक पुस्तक निघाले. नंतर वळणे सरळ होत रस्ता आखूड झाला, पण मैलांचे जुने आकडे गावांनी सोडले नाहीत. डेल्टा जंक्शनचा आकडा अजून 1422 आहे. वॉटसन लेकला 1942 साली कार्ल लिंडली या सैनिकाने घरच्या आठवणीने आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी ठोकली. त्यानंतर येणारा प्रत्येक जण आपल्या गावाची पाटी लावू लागला आणि आज तिथे हजारो पाट्यांचे जंगल झाले आहे.

डांबरीकरण झाले, खडी उडून काचा फुटणे थांबले, पण लाटांचा प्रश्न त्याने सुटला नाही. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो. हिवाळ्यात रस्त्यावरचे हिम यंत्राने कडेला लोटतात, तिथे त्याचा ढीग होतो आणि खालच्या जमिनीला थंडीच लागू देत नाही. म्हणून कडा आधी खचतात. 2008 साली बीव्हर क्रीकजवळ युकॉनच्या रस्ते खात्याने प्रयोगासाठी एक तुकडा बांधला. तिथे भरावात मोठे दगड रचून त्यांच्या फटींतून हिवाळ्याची थंड हवा खेळवणे, उतारावर छप्पर घालून हिम दूर ठेवणे, फिक्या रंगाचा पृष्ठभाग, असे निरनिराळे उपाय शेजारी शेजारी करून पाहिले. काहींनी जमीन थंड राहिली, पण असे बांधकाम शेकडो किलोमीटर करायचे तर खर्च फार. त्यात हवामानही तापत चालले आहे.

तेव्हा चालकाच्या हातात उरतो तो वेग. समजा, उंचवटा 8 मीटर लांब आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच आहे. त्याला वर्तुळाचा कंस मानला तर त्रिज्या सुमारे 80 मीटर येते. चाके त्याला धरून गेली तर ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर वेगात माथ्यावरचे त्वरण 625 ÷ 80, म्हणजे 7.8 येते. गुरुत्वत्वरण 9.8 आहे, म्हणजे क्षणभर चार पंचमांश वजन नाहीसे होते. लगेच पुढच्या खळग्यात ते जवळपास दुप्पट होऊन कडीवर आणि आसावर आदळते. ताशी 45 किलोमीटरला हाच आकडा 1.95 होतो. वेग निम्मा, धक्का एक चतुर्थांश. स्प्रिंगांमुळे प्रत्यक्षातले आकडे वेगळे असतील, प्रमाण साधारण हेच.

रस्त्याच्या कडेला खराब जागी लहानशा काठ्यांवर झेंड्या लावलेल्या असतात. त्या दिसल्या की सराईत चालक वेग उतरवतो. संध्याकाळी मुक्कामाला थांबल्यावर तो ट्रेलरचे दार जपून उघडतो, कारण कपाटांच्या कड्या सुटून डबे दाराशी येऊन बसलेले असू शकतात. मग खाली वाकून कडीचे बोल्ट पाहतो, आणि सकाळी निघण्यापूर्वी मागच्या टाकीतले पाणी लागेल तेवढेच ठेवून बाकीचे सोडून देतो.