पऱ्हाटीची माती

नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यावर, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव लागते. हा मुलूख कापसाचा. शेवटची वेचणी आटोपली की शेतात उरते ती पऱ्हाटी, लाकडासारखी कठीण. बोंडअळी तिच्यात दडून पुढचा हंगाम गाठते, म्हणून ती उपटणे भाग पडते. उपटलेली पऱ्हाटी एक तर चुलीत जाते, नाहीतर बांधावर जाळली जाते. हिचीच भाजीच्या वाफ्याजोगी माती करता येईल काय, या प्रश्नाचा शास्त्रीय छडा लागला तो मात्र इंदुरास.

इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी व मध्य हिंदुस्थानातील संस्थाने यांच्या साहाय्याने १९२४ साली तेथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था निघाली. आल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक, आणि यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी. शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, तो दोघांच्या नावाने. पुढे ‘इंदूर पद्धती’ जगभर गेली. हॉवर्डांचे नाव तिच्याबरोबर गेले, वाडांचे मात्र मुखपृष्ठावरच राहिले. ही उपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही, कारण पद्धतीचे मर्म रसायनातच होते.

कच्च्या काडीकचऱ्यात भाजी लावली तर रोप पिवळे पडते. कचरा कुजविणारे सूक्ष्म जंतू नत्र स्वतःच फस्त करतात आणि रोप उपाशी राहते. म्हणून खड्डा भरतानाच कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारण ३३ ला १ असे राखावयाचे. आता पऱ्हाटी मऊ कशी करावी? इंदूरकरांनी सोपी युक्ती योजिली: ती शेतरस्त्यावर अंथरली आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचू दिली. मग गोठ्यात गुरांखाली पसरून ती मूत्राने भिजविली. पुढे शेण, राख व माती यांसह खड्ड्यात भरून, पाणी शिंपून, तीन वेळा उलथापालथ केली. सुमारे तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत माती तयार!

वर्ध्यास ही वार्ता लवकरच पोहोचली. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला होता. पुढच्याच वर्षी, मगनवाडीत मुक्काम असताना, गांधीजींनी ‘हरिजन’मधून या पद्धतीचा परिचय करून दिला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये शेती व भाजीपाला हा शिक्षणाचाच भाग झाला.

तरीही पऱ्हाटीची चूल विझली नाही. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. खड्ड्यास पाणी हवे ते नेमके चैत्र-वैशाखात, विहिरी तळ गाठतात तेव्हा. गुरे हवीत, मजुरी हवी. आणि जिच्या घरी दुसरे सरपण नाही, त्या गृहिणीने पऱ्हाटी खड्ड्यात घालून भाकरी कशावर भाजावी?

ही अडचण शहरात नव्हती. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्याची माती करण्याचा ध्यास घेतला, तर मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडेच पिंपांत व पिशव्यांत भरून, वर थोडे खत-माती घालून, गच्चीवर भाजी पिकविली. रसवंतीगृहाच्या दारात पडलेल्या चिपाडावर कोणाच्याही चुलीचा हक्क नव्हता, आणि ते पऱ्हाटीहून किती तरी मऊ!

कापूसपट्ट्यातील वाद मात्र अजून मिटलेला नाही. गॅसची शेगडी खेड्यात आली, यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करणे सुलभ झाले. पण कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कंपोस्टाबरोबरच पऱ्हाटीच्या फळ्या व जळणाच्या विटा करण्याच्या रीतीही सिद्ध केल्या आहेत. चूल मागे सरली, तेथे आता कारखान्याचा बॉयलर पऱ्हाटी मागू लागला आहे.