घर पाहावे, गाव पुसावे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यातील ‘पाहावे’ या क्रियापदाचा अर्थ अनुभव घ्यावा असा आहे. पाया खणण्यापासून वास्तुशांतीपर्यंतचे सारे कष्ट त्या एका शब्दात सामावलेले आहेत. दूरचित्रवाणीने अलीकडच्या काळात या शब्दाचा अगदी उघड अर्थ घेतला असून घर पाहणे हीच एक स्वतंत्र करमणूक करून टाकली आहे. या करमणुकीचा विचार आम्ही येथे सिल्वासा व नगर हवेलीच्या इतिहासाच्या आधाराने करू इच्छितो. कारण ‘हे घर कोणाचे, ही जमीन कोणाची’ या प्रश्नाला एवढ्या लहान मुलखात इतकी निरनिराळी उत्तरे मिळाल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

अमेरिकेत १९९९ साली ‘हाउस हंटर्स’, ब्रिटनमध्ये २००० साली ‘लोकेशन, लोकेशन, लोकेशन’ आणि २००२ साली बीबीसीवर ‘एस्केप टू द कंट्री’ हे कार्यक्रम सुरू झाले. शेवटच्या कार्यक्रमाची रचना सांगितली म्हणजे बाकीच्यांचीही कल्पना येईल. शहराला कंटाळलेले एखादे जोडपे खेड्यात घर शोधू लागते. सूत्रधार त्यांस निवडक घरे दाखवितो, त्यांतील एक गुपित म्हणून राखलेले असते. पाहुणे खोल्या, बाग आणि खिडकीतील देखावा पाहून किंमत ओळखतात, आणि मग खरी किंमत सांगितली जाते. यांपैकी ‘हाउस हंटर्स’बाबत २०१२ साली असे उघडकीस आले की, त्यातील पुष्कळशा कुटुंबांनी आपले घर चित्रीकरणापूर्वीच घेतलेले असे. प्रेक्षकांपुढे जी निवड चाले ती आधीच होऊन गेलेली असे.

आपल्याकडील दूरचित्रवाणीचा आरंभ अगदी वेगळ्या हेतूने झाला होता. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रक्षेपण सुरू झाले. १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी ‘कृषिदर्शन’ आले. १९७५-७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्रावरील ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम तर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या घरचा झाला होता. त्या काळी खेडे हे पडद्यासमोर बसत असे. घर शोधण्याच्या कार्यक्रमांत खेडे पडद्यावर गेले आणि समोर शहर येऊन बसले. माती तीच राहिली. पण पूर्वी तीत काय पिकवावे हे सांगितले जाई, आता तिच्यावरून काय दिसते हे सांगितले जाते.

हीच दृष्टी आज सिल्वाशाकडे वळलेली आहे. वापी स्थानकापासून अवघ्या १८ किलोमीटरांवरील हे गाव मुंबई व सुरत या दोन्ही शहरांस सोयीचे. पुढे खानवेलची वनराई, दुधनीचा जलाशय, दमणगंगेचे वळण. सुट्टीच्या घरांच्या जाहिरातीस आणखी काय हवे? परंतु या मुलखाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, त्याला न पाहताच तो दुसऱ्यास देण्याची रीत येथे जुनी आहे.

१७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज पकडले. त्या तंट्याची परिणती १७ डिसेंबर १७७९ च्या तहात झाली, आणि बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस तोडून देण्याचे पेशव्यांनी मान्य केले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीची आणि १७८५ मध्ये दादराची गावे त्यांच्या हाती गेली. पुणे दरबाराच्या दृष्टीने हा एका जहाजाच्या भरपाईचा हिशेब होता. डोंगरउतारावर नाचणी पेरणाऱ्या वारल्यास, कोकण्यास किंवा सखल भागातील धोडियास या हिशेबाची वार्ता वसुलीचा माणूस बदलला तेव्हाच कळली असेल.

गाव देणे म्हणजे नेमके काय देणे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी हे गाव श्रीमंगेशाच्या देवस्थानास दिले, हे प्रसिद्धच आहे. अशा दानात गावाचा वसूल देवाकडे जाई. परंतु शेत कसणाऱ्याचे शेत किंवा राहणाऱ्याचे घर त्यामुळे उठून जात नसे. नगर हवेलीच्या बाबतीत हाच भेद पुढे थेट हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभा राहिला. पोर्तुगालने १९५५ मध्ये भारताविरुद्ध दावा लावला, तेव्हा तहाचा व सनदांचा मराठी मजकूर न्यायाधीशांपुढे आला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, मराठ्यांनी पोर्तुगीजांस दिली ती जहागीर अथवा सरंजाम होय, म्हणजे महसुलाचा अधिकार. सार्वभौमत्व त्यांनी दिलेच नव्हते. पोर्तुगीजांची तेथील सत्ता नंतर इंग्रजांनी मानली म्हणून ती सत्ता ठरली. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या येण्याजाण्याचा पोर्तुगालचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, सैन्याचा केला नाही, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असा निर्वाळा दिला. एका शब्दाच्या अर्थावर एवढे अवलंबून असू शकते!

महसुलाच्या अधिकारापासून जमिनीच्या मालकीपर्यंत पोर्तुगीज राजवट कशी पोहोचली, याची साक्ष ‘अल्वारा’ या शब्दात आहे. १९१९ च्या शेतीविषयक कायद्याखाली, विशेषतः १९२३ ते १९३० च्या दरम्यान, सरकारने नगर हवेलीतील जमिनींच्या सनदा दिल्या. त्यांस अल्वारा म्हणत. सनदेस अट अशी की, जमीन ठरलेल्या मुदतीत लागवडीखाली आणावी. न आणल्यास सरकारने ती परत घ्यावी. कागदावर ही अट शहाणपणाची होती. परंतु कागद एकाच्या हाती आणि नांगर दुसऱ्याच्या, अशी स्थिती असली म्हणजे अट कागदातच राहते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव, डहाणू व तलासरीकडे, वेठ व सावकारी यांविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी जो लढा दिला, त्याच्या मुळाशीही जमीन कोणाच्या नावावर आणि घाम कोणाचा, हाच प्रश्न होता.

पुढचा भाग अभिमानाचा आहे. २१ जुलै १९५४ च्या रात्री दादरा मुक्त झाले, त्याच महिन्याच्या अखेरीस नरोली, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा. त्या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून ख्यातनाम झालेले बाबासाहेब पुरंदरे हे होते, याचे मराठी माणसास आजही कौतुक वाटते. त्यानंतर सात वर्षे हा मुलूख वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली राहिला, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

राज्य बदलले, तथापि जमिनीचा कागद एका रात्रीत बदलत नसतो. १९७१ च्या जमीनसुधारणा विनियमाने अल्वारा व टेरेम हे दोन्ही जुने प्रकार रद्द केले आणि धारणेस कमाल मर्यादा घातली. १९७४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी, लागवडीची अट पाळली नाही या कारणास्तव, अनेक अल्वारा मोडून काढल्या. सनदधारक न्यायालयात गेले. तो वाद खालच्या न्यायालयांतून चढत मुंबई उच्च न्यायालयात आला. २००५ मध्ये तेथे सरकारची बाजू उचलून धरण्यात आली, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. शंभर वर्षांपूर्वी लिस्बनच्या कायद्याने घातलेल्या एका अटीचा निकाल आमच्या डोळ्यांसमोर लागला. जमीन आपल्या मागील मालकांस इतक्या सहजासहजी विसरत नाही.

आता त्या घरांकडे वळू, जी जाहिरातीच्या चित्रात मागे, लहान व नयनरम्य अशी दिसतात. वारल्याचे घर कारवीच्या कुडाचे असते. त्यावर माती व शेण यांचा गिलावा, आत सागाचे खांब, वर गवत किंवा नळीची कौले. लग्नाच्या वेळी याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक काढतात. त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी गाणी म्हणून तो विधी पार पाडते. शिवारात कणसरी ही धान्याची देवता आहे, सीमेवर वाघदेव आहे. ही घरे पाहावयास येणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, जेथे त्याला मोकळी जागा दिसते तेथे कोणाची तरी देवता आधीपासून नांदत असते. बिंद्राबीन येथे साकरतोड नदीच्या काठी ताडकेश्वर महादेवाचे देऊळ आहे. आमच्यापैकी जे सिल्वाशास जातात ते तेथे आवर्जून दर्शन घेतात. त्याच भक्तिभावाने वाघदेवाच्या लाकडी खांबापुढेही क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

आमच्या मंदिरकुळांस तर हे अधिक समजावे. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास गेली. देवांनाच परक्या गावी घर शोधावे लागले होते. अंत्रुज महालात त्यांना जागा मिळाली, कारण तेथील गावाने ती दिली. आजही आपल्या घरच्या कोणत्याही पूजेच्या आरंभी जे देवतावंदन होते, त्याचा क्रम पाहावा: इष्टदेवता, कुलदेवता, मग ग्रामदेवता, मग स्थानदेवता, आणि त्यानंतर वास्तुदेवता. घराची पाळी गाव व स्थान यांच्या नंतर येते. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम वास्तूपासून सुरू होतो आणि वास्तूतच संपतो.

दुधनीच्या जलाशयाचेच उदाहरण घ्या. ते पाणी सुंदर आहे यात शंका नाही. पण तो दमणगंगा प्रकल्पाच्या मधुबन धरणाचा फुगवटा आहे. त्याखाली आदिवासींची शेते व वस्त्या बुडाल्या आहेत. ४९१ चौरस किलोमीटरांच्या या मुलखात १९६१ साली ५७,९६३ माणसे राहत होती. २०११ साली ३,४३,७०९. कारखाने आले, रोजगार आला, दूरदूरची माणसे आली. आदिवासींचे प्रमाण २००१ मध्ये ६२ टक्के होते, ते दहा वर्षांत ५२ टक्क्यांवर आले. येणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. आपले पूर्वजही कोठून तरी आले, आणि शहरात दमलेल्या माणसास झाडाखाली चार दिवस काढावेसे वाटणे यात वावगे काही नाही.

मात्र घर पाहावयास जाणाऱ्याने देखावा पाहून झाल्यावर गावही पुसावे. ही जमीन कोणत्या हक्काने विक्रेत्याकडे आली? मूळ वाटप कोणास झाले होते, आणि ती विकण्यास परवानगी लागते काय? सध्या ती कोण कसतो? विहिरीवर, वाटेवर, चराईवर कोणाची वहिवाट आहे? शेजारच्या महाराष्ट्रात तर बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावर १९४८ च्या कूळकायद्याने, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर १९६६ च्या महसूल संहितेने बंधने घातलेली आहेत. ती चुकविण्याच्या युक्त्या सांगणारे मध्यस्थही भेटतात. अशा युक्तीने मिळालेल्या घरात वास्तुशांती करणे म्हणजे तिसऱ्या व चौथ्या देवतेस वगळून पाचवीस नैवेद्य दाखविणे होय.

पुण्याच्या दरबाराने हा मुलूख दिला तेव्हा त्याला विचारले नाही. लिस्बनने सनदा दिल्या तेव्हाही विचारले नाही. आज तेथे घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती निदान एवढे आहे की, व्यवहार ठरण्यापूर्वी एकदा पाड्यावर जाऊन, ओट्यावर बसून, तेथील वृद्धांस या जमिनीची हकीकत विचारावी. उत्तर ऐकून जो घर घेईल, त्याला शेजार लाभेल. आणि जो न घेता परत येईल, त्याचेही काही बिघडणार नाही.