पर्वरी : विधानसभेच्या अंगणातील मतदारसंघ

मांडवी ओलांडून म्हापशाकडे निघाले की पठारावर पर्वरी लागते. बार्देश तालुक्यातील हे पणजीचे उपनगर. राज्य विधानसभा, सचिवालय आणि २०२१पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची नवी इमारत, अशी राज्यकारभाराची प्रमुख स्थाने येथे एकवटली आहेत. मात्र विधानसभेच्या नकाशावर पर्वरीचे नाव तुलनेने नवे आहे.

घटकराज्याच्या दर्जानंतर १९८९च्या निवडणुकीपासून गोव्यात ४० मतदारसंघ झाले. त्या यादीत पर्वरी नव्हती. २००८च्या पुनर्रचनेत धारगळ, पाळी, लोटली आणि पैंगीण हे मतदारसंघ वगळले गेले. पर्वरी, साखळी, नुवे आणि दाबोळी यांची भर पडली. पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद या पंचायतींचा परिसर पर्वरीत येतो. जुने वाडे, नव्या वसाहती आणि राष्ट्रीय महामार्गालगतची बाजारपेठ असा हा संमिश्र मतदार आहे.

नव्या रचनेनुसार विधानसभेची पहिली निवडणूक २०१२मध्ये झाली. भाजपने २१ जागा जिंकून बहुमत मिळवले. परंतु पर्वरीने अपक्ष रोहन खंवटे यांना निवडले. त्या वर्षी राज्यात पाच अपक्ष विजयी झाले होते. खंवटे विरोधी बाकांवर बसले.

२०१७मध्ये ते पुन्हा अपक्ष म्हणूनच निवडून आले. या वेळी काँग्रेसला १७, भाजपला १३, तर मगो, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांना प्रत्येकी तीन जागा मिळाल्या. कोणालाच बहुमत नसल्याने एकेका आमदाराचे मोल वाढले. मनोहर पर्रीकर यांच्या मंत्रिमंडळात खंवटे महसूलमंत्री झाले. पर्रीकर यांच्या निधनानंतर, जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, सरकारची गणिते बदलली आणि गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांसह खंवटे यांनाही मंत्रिपद गमवावे लागले.

येथे पक्षांतरबंदी कायद्यातील एक भेद लक्षात घ्यावा लागतो. विधिमंडळ पक्षाच्या दोनतृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिल्यास त्यांना अपात्रतेपासून संरक्षण मिळू शकते. अपक्षाला ही वाट नाही. तो सरकारला पाठिंबा देऊ शकतो, मंत्रीही होऊ शकतो. पण निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात प्रवेश केल्यास दहाव्या परिशिष्टानुसार अपात्र ठरतो. त्यामुळे डिसेंबर २०२१मध्ये खंवटे यांनी आधी आमदारकीचा राजीनामा दिला आणि मग भाजपमध्ये प्रवेश केला.

१४ फेब्रुवारी २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीत पर्वरीत प्रथमच कमळ फुलले. खंवटे यांनी तृणमूल काँग्रेसच्या उमेदवारावर सात हजारांहून अधिक मतांनी मात केली आणि ते पर्यटनमंत्री झाले. दहा वर्षांत चिन्ह बदलले, बाके बदलली. आमदार मात्र तोच राहिला.

याचे एक कारण मतदारसंघाच्या आकारात आहे. राज्यातील सुमारे साडेअकरा लाख मतदार ४० मतदारसंघांत विभागले की प्रत्येकी सरासरी तीस हजारांहूनही कमी भरतात. इतक्या लहान क्षेत्रात उमेदवार घरोघरी पोहोचतो, आणि पाणी, रस्ता, वाहतूककोंडी यांसाठी लोक पक्षकार्यालयाऐवजी थेट आमदाराचे दार ठोठावतात. साहजिकच पक्षापेक्षा ओळखीला वजन येते.

याची दुसरी बाजूही आहे. मत व्यक्तीला दिले की तिच्या पुढील राजकीय निर्णयांवर मतदाराचा अंकुश पुढच्या निवडणुकीपुरताच उरतो. पर्वरीच्या आमदाराने पक्ष निवडला तो राजीनामा देऊन, आणि दोन महिन्यांतच मतदारांना त्या निर्णयावर कौल देता आला. पक्षांतरे नित्याची झालेल्या राज्यात ही संधी प्रत्येक मतदारसंघाच्या वाट्याला आलेली नाही.