मुळाची किल्ली

इंदापूर तालुक्यांतील निमगांव केतकी हें गांव विड्याच्या पानांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील पानमळ्याचा धनी वेलाच्या मुळाशीं केव्हांहि हात घालूं शकतो. पण त्याच्याच खिशांतील अँड्रॉइड फोनचें ‘मूळ’ मात्र त्याला बंद असतें. हें असें कां, आणि तें उघडण्याची सामान्य गृहस्थास गरज आहे काय, याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स रचावयास घेतली. पुढें एकच यंत्र अनेकजण वापरूं लागले. म्हणून सर्वाधिकार एका खात्याकडे ठेवण्यांत आले. त्या खात्याचें नांव ‘रूट’, म्हणजे मूळ. १९९१ च्या लिनक्सनें तीच पद्धति उचलली, आणि २००८ सालीं बाजारांत आलेला अँड्रॉइड लिनक्सवरच उभा राहिला. येथें प्रत्येक ॲपला निराळी खोली मिळाली. मुळाची किल्ली मात्र धन्यासहि मिळाली नाहीं.

मराठी वाचकांस ही बंदी विशेष जाणवली ती लिपीच्या पायीं. आरंभींच्या अँड्रॉइडांत देवनागरीची सोय नव्हती; मराठी मजकुराच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसत. अक्षरसंच ठेवण्याचा कप्पा तर कुलुपांत. तेव्हां कांहींनीं रूट मिळवून देवनागरी संच आंत घातला. तरीहि अक्षरें जुळविणारी व्यवस्थाच नसल्यामुळें जोडाक्षरें फुटत आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागें पडे. इतर कित्येक ऑपेरा मिनींतील चित्ररूप अक्षरांवर भागवीत. २०११ च्या चौथ्या आवृत्तीनें देवनागरी आणली, २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत फोनची भाषा म्हणून मराठी आली, आणि कुलूप उघडण्याचें तें कारण उरलें नाहीं.

उलट, धोका वाढला. २०१६ पासून यूपीआयमुळें फोन हीच पैशाची पेटी झाली. रूट मिळालेलें ॲप भिंती ओलांडून दुसऱ्याच्या खोलींत शिरूं शकतें. म्हणून पुष्कळशीं बँकांचीं ॲपें असल्या फोनवर चालत नाहींत. जुन्या फोनवर लिनिएजओएस घालावयाचें झालें, तरी त्यासाठीं बूटलोडर उघडावा लागतो. रूट लागतोच असें नाहीं.

सारांश, नित्याच्या व्यवहारास मुळाची किल्ली लागत नाहीं. परंतु ज्यांनीं एके काळीं ती मिळविली, त्यांस कुलूप फोडणारे चोर म्हणणें अन्यायाचें होईल. स्वतःच्या वस्तूंत स्वतःची भाषा वाचतां यावी, एवढीच त्यांची मागणी होती.